ही टरफलं उचलाच!

टरफलं म्हटलं की आपल्या सगळ्यांना शाळेतली एकच गोष्ट आठवते. शेंगा कुणी खाल्ल्या, टरफलं कुणी टाकली आणि छोट्या टिळकांनी ती उचलायला कसा ठाम नकार दिला, ती. आज जरा वेगळ्या टरफलांबद्दल बोलू या.

रविवारची सकाळ. घरात कोळंबी आलीय. आई किंवा बाबा ती सोलायला बसलेत. (रूमवर राहत असाल तर तुम्हीच, मोबाइलवर व्हिडीओ लावून.) डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा. किलोभर कोळंबी सोलून झाली की खायला उरते जेमतेम अर्धा किलो. बाकीचा ढीग कागदात, कागद पिशवीत आणि पिशवीला दोन गाठी. ती पिशवी ताबडतोब घराबाहेर, कारण संध्याकाळपर्यंत घरात राहिली तर वासाने शेजारी दार वाजवतील.

त्या पिशवीत असलेला एक पदार्थ युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचं रक्त थांबवायला वापरला गेलाय. तोच पदार्थ ‘वजन घटवा’ म्हणत कॅप्सूलमध्ये भरून विकलाही जातो. एका वापरामागे भक्कम विज्ञान आहे, दुसऱ्यामागे बरीचशी जाहिरात. दोन्हीकडे रेणू तोच. मग फरक कुठे पडतो?

ग्लासातला प्रयोग

आधी त्या पदार्थाची ओळख करून घेऊ. धुतलेली चार-पाच सालं काचेच्या ग्लासात घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. थोड्या वेळात सालांवर बारीक बुडबुडे दिसायला लागतील. सालातलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूमधलं रसायन, विरघळतंय आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. रात्रभर ग्लास तसाच ठेवा. सकाळी साल हातात घ्या. कडकपणा गेलेला असेल, साल मऊ, लवचीक झालेली असेल. पण ती विरघळलेली नसेल. मागे उरलेल्या त्या पातळ पापुद्र्यात प्रथिनं आहेत आणि आहे आपल्या गोष्टीचा नायक, कायटिन.

माकूळ साफ करताना आतून प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी एक पारदर्शक काडी निघते, आठवतेय? त्या काडीतही कायटिनच असतं. झुरळाच्या पंखात, खेकड्याच्या नांगीत, कोळ्याच्या पायात, एवढंच काय, शाकाहारी ताटातल्या मशरूममध्येही ते असतं. किंबहुना माणसाला त्याचा पहिला पत्ता मशरूममध्येच लागला. १८११ मध्ये आन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते अळंबीत सापडलं. १८२३ मध्ये ऑग्युस्त ओदिए यांना कीटकांच्या कवचात असाच पदार्थ मिळाला आणि ग्रीक भाषेतल्या ‘अंगरखा’ अशा अर्थाच्या शब्दावरून त्यांनी त्याला कायटिन हे नाव दिलं.

एक गंमत सांगतो. अल्बर्ट हॉफमन हे नाव तुम्ही एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या रसायनाच्या संदर्भात ऐकलं असेल. त्याच हॉफमन यांनी १९२९ मध्ये झुरिक विद्यापीठात पीएचडी केली ती कायटिनवर. कायटिनचे तुकडे करायला त्यांनी वापरला गोगलगायीचा पाचक रस! तेव्हा तुमच्या पीएचडीवाल्या दादा-ताईंना त्यांच्या विषयावरून चिडवण्याआधी जरा विचार करा.

एक छोटा बदल, मोठा परिणाम

कायटिन म्हणजे साखरेच्या कड्यांची लांबलचक साखळी. तुमच्या सुती शर्टातलं सेल्युलोजही तसंच. दोघं अगदी सख्खी भावंडं. फरक इतकाच की कायटिनच्या प्रत्येक कडीवर एका ठरावीक जागी नायट्रोजन असलेला एक गट बसलेला असतो. त्याचं नाव अ‍ॅसिटामाइड. या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की कायटिन पाण्यात विरघळत नाही आणि साध्या आम्लांनाही दाद देत नाही. कवच म्हणून झकास. पण औषध बनवणाऱ्याला अशा हट्टी पदार्थाचा उपयोग काय?

या हट्टावरचा उतारा १८५९ मध्ये सापडला. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रुजे यांनी कायटिन तीव्र अल्कलीत उकळलं, आणि हाती आलेला पदार्थ चक्क सौम्य आम्लात विरघळला. उकळताना त्या नायट्रोजनच्या गटावरची अ‍ॅसिटिलची टोपी उडाली होती आणि खाली उघडा अमाइन गट उरला होता. या नव्या पदार्थाला पुढे नाव मिळालं कायटोसान.

बारावीची केमिस्ट्री आठवा. अमाइन गट आम्लात गेला की एक हायड्रोजन आयन पकडतो आणि त्याच्यावर धन प्रभार येतो. कायटोसानच्या साखळीवर असे शेकडो-हजारो गट. म्हणजे अख्खी साखळीच धन प्रभाराची माळ होते. निसर्गात अशा लांब साखळ्या बहुतेक ऋण प्रभाराच्या नाहीतर प्रभार नसलेल्या असतात. धन प्रभाराची माळ ही दुर्मीळ गोष्ट. कायटोसानचे वैद्यकातले बहुतेक सगळे उपयोग या एका गोष्टीतून आलेत.

रक्त कसं थांबतं?

आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि रक्त सुरळीत वाहतं. आता वाहत्या जखमेत कायटोसान दाबून धरलं तर काय होईल? धन प्रभाराची माळ ऋण प्रभाराच्या पेशींना खेचून घेते. पेशी तिला आणि तिच्यामुळे एकमेकींना चिकटतात, जेलीसारखा गोळा तयार होतो आणि जखमेचं तोंड बुजतं.

यात एक महत्त्वाची खुबी आहे. एरवी रक्त गोठण्यासाठी शरीरातली अनेक प्रथिनं एकामागून एक जागी व्हावी लागतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा जखमी माणूस थंडीने गारठला असेल, तर ही साखळी अडखळते. कायटोसान मुख्यतः तिच्यावर अवलंबून नसतं. तो आपला स्वतंत्र बांध घालतो.

अमेरिकेत ओरेगनमध्ये ‘हेमकॉन’ नावाची कायटोसानची पट्टी तयार झाली आणि २००२ मध्ये तिला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. अफगाणिस्तान आणि इराकमध्ये सैनिकांकडे ती गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात रणभूमीवरच्या ६४ वापरांची नोंद आहे. त्यातल्या ९७ टक्के वेळा रक्तस्राव थांबला किंवा कमी झाला.

इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपवता आली असती. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ही पट्टी होती बिस्किटासारखी कडक. सपाट जखमेवर ती उत्तम बसायची. पण गोळी लागून झालेल्या अरुंद, खोल जखमेत कडक बिस्किट कोंबणार कसं? २००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या तज्ज्ञ समितीने पहिली पसंती दुसऱ्याच पट्टीला दिली. तिच्यात कायटोसान नव्हतं. केओलिन नावाची पांढरी माती लावलेलं मऊ गॉज होतं. जखमेत भरायला सोपं.

कायटोसानचं रसायन चुकलं नव्हतं, आकार चुकला होता. मग कायटोसानवाल्यांनीही गॉजचा रस्ता धरला. जखमेत घडी घालून भरता येईल असं कायटोसानचं गॉज बनलं आणि काही वर्षांनी त्याच समितीच्या शिफारशीत पर्याय म्हणून परत आलं. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला रेणू आणि जखमी माणसाच्या कामी येणारी वस्तू यांच्यामध्ये केवढं अंतर असतं, हे यातून कळतं. ते अंतर कापायला केमिस्ट पुरत नाही. कापड समजणारा लागतो, डिझाइनवाला लागतो आणि गोंधळात, अंधारात, थरथरत्या हातांनी पट्टी लावणाऱ्याचं ऐकून घेणाराही लागतो.

आपल्याकडेही हे काम झालंय. अहमदाबादमध्ये सुरू झालेल्या अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्स या कंपनीने ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ ही कायटोसानची पट्टी बनवली. ती आपल्या सुरक्षा दलांपर्यंतही पोचली. शिवाय अशा पट्ट्यांचा उपयोग फक्त युद्धात होतो असं नाही. मनगटातून अँजिओग्राफी केल्यावर, डायलिसिसची सुई काढल्यावर, दात काढल्यावर, जिथे रक्त लवकर थांबायला हवं तिथे त्या वापरता येतात.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. सगळी रक्तस्रावाने गेली असं नाही. पण जखमी माणूस हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत रक्त रोखून धरणं किती मोलाचं असतं, हे सांगायला नको. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कायटोसानची पट्टी लावली तरी तिच्यावर किमान तीन मिनिटं घट्ट दाब द्यावाच लागतो. आणि पट्टी नसेल तर? स्वच्छ कापड घ्या, जखमेवर जोरात दाबून धरा, १०८ला फोन लावा आणि मदत येईपर्यंत ‘थांबलं का’ म्हणून सारखं उचलून बघू नका. अर्धी लढाई तुमच्या तळहाताच्या जोरावरच असते.

गुडघा, नस आणि अश्रू

कायटोसानकडे आणखी एक गुण आहे. शरीर त्याला हळूहळू विरघळवून टाकू शकतं. आपल्या अश्रूंमध्ये आणि लाळेत लायसोझाइम नावाचं विकर असतं. जंतूंच्या भिंती फोडणं हे त्याचं काम. तेच विकर कायटोसानच्या साखळ्याही सावकाश कापतं. गंमत म्हणजे साखळीवर अ‍ॅसिटिलच्या टोप्या किती शिल्लक ठेवल्या, त्यावर हा वेग बराचसा ठरतो. म्हणजे शरीरात ठेवलेली वस्तू लवकर विरघळावी की उशिरा, हे आधीच ठरवायचं एक साधन हाती येतं. यातूनच तुटलेल्या नसेची दोन टोकं जुळेपर्यंत त्यांना आधार देणारी कायटोसानची नळी जर्मनीत बनली.

गुडघ्याची गोष्ट आपल्या आणखी जवळची. कॅनडातल्या बायोसिंटेक या कंपनीने कायटोसानचं एक द्रावण तयार केलं होतं. ते रुग्णाच्याच रक्तात मिसळायचं आणि गुडघ्यातल्या झिजलेल्या कूर्चेच्या खड्ड्यात भरायचं. गुठळी तिथे टिकून राहते आणि नव्या ऊतीला आधार मिळतो, अशी कल्पना. २०१० मध्ये मुंबईच्या पिरामल समूहाने हे तंत्रज्ञान विकत घेतलं. ८० रुग्णांवर चाचणी झाली. वर्षभरानंतर एमआरआयमध्ये स्पष्ट दिसलं की नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा खड्डा जास्त चांगला भरलाय. पण रुग्णांना ‘दुखणं किती कमी झालं?’ असं विचारलं, तेव्हा दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली.

आता हे यश म्हणायचं की अपयश? चित्रात सुधारणा आहे, रुग्णाच्या चालण्यात वेगळा फरक नाही. वैद्यकीय संशोधनात असे निकाल वारंवार येतात. ‘क्रांतिकारी जेल’ अशी बातमी आली की आधी विचारायचं, मोजलं काय होतं? फोटो की माणसाचं दुखणं?

कॅप्सूलचा मोह

हाच प्रश्न घेऊन आता जिमच्या शेजारच्या सप्लिमेंटच्या दुकानात शिरू या. ‘फॅट ब्लॉकर’ म्हणून कायटोसानच्या कॅप्सूल मिळतात. दावा ऐकायला तर्कशुद्ध वाटतो: कायटोसानवर धन प्रभार, पचनात तयार होणाऱ्या स्निग्धाम्लांवर ऋण प्रभार, दोघं चिकटणार आणि चरबी पोटात न जिरता बाहेर पडणार. म्हणजे वडापाव खा, वर कॅप्सूल घ्या, हिशेब बरोबर!

परीक्षानळीत हे थोडंफार घडतंही. पण माणसात? २००८ मध्ये कॉक्रेन या, चाचण्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १५ चाचण्या आणि सुमारे १,२०० माणसांची आकडेवारी तपासली गेली. ज्या चाचण्या नीट, मोठ्या आणि काटेकोर होत्या त्यांत वजनातला फरक इतका किरकोळ निघाला की आरोग्याच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नव्हता. त्याआधीच २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका ‘चरबी पकडणाऱ्या’ उत्पादनाच्या जाहिरातीबद्दल कारवाई केली होती. प्रकरण मिटवायला कंपनीने १ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

तेव्हा ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ असं कुणी म्हटलं तर सालाचं काय सांगता, परिणाम सांगा, असं विचारा. पॉकेटमनी तुमचा आहे, शरीरही तुमचंच आहे.

‘मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, मग पट्टीचं काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. कोळंबीची अ‍ॅलर्जी मुख्यतः तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते, कायटिनमुळे नाही. कवच-माशांची अ‍ॅलर्जी असलेल्यांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात कायटोसानच्या पट्टीने कुणाला त्रास झाला नाही. तरीही अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला सांगायचंच. कारण सगळं अवलंबून आहे कायटोसान किती शुद्ध आहे यावर.

टरफल फुकट, शुद्धता महाग

आणि खरं घोडं इथेच अडतं. जगात दरवर्षी खेकडे, कोळंबी आणि लॉबस्टरच्या कवचांचा सुमारे ६० ते ८० लाख टन कचरा तयार होतो, असा अंदाज आहे. मग कायटोसानचे हजारो शोधनिबंध निघूनही दवाखान्यात पोचलेल्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्याच का?

एक तर, साल म्हणजे कारखान्यात बनलेला एकसारखा माल नव्हे. जात बदलली, ऋतू बदलला की त्यातलं कायटिनचं प्रमाण बदलतं. सुक्या कवचात ते १५ ते ४० टक्के, इतकं खालीवर होतं. साल काही तास उन्हात पडली तरी जीवाणू ती खायला सुरुवात करतात आणि साखळ्या तुटायला लागतात. पुढे आम्लाने कॅल्शियम काढायचं, अल्कलीने प्रथिनं काढायची आणि शेवटी ४०-५० टक्के तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून अ‍ॅसिटिलच्या टोप्या उडवायच्या. (व्हिनेगरचा प्रयोग घरी करा, हा अजिबात नको. कातडी जळते, डोळे जातात.) किती टोप्या उडाल्या आणि साखळीची लांबी किती उरली, यावर कायटोसानचा स्वभाव ठरतो. दोन घाण्यांमध्ये हे आकडे वेगळे आले तर तो पदार्थ नावाने एक, वागण्याने दोन. शिवाय या सगळ्याला प्रचंड पाणी लागतं आणि मागे खारं, अल्कलीयुक्त सांडपाणी उरतं. ते नीट हाताळलं नाही तर ‘कचऱ्यातून औषध’ म्हणताना आपण नवाच कचरा केलेला असतो.

सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे ज्या धन प्रभाराचं आपण एवढं कौतुक केलं, तोच इथे आड येतो. जीवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष ऋण प्रभाराचं असतं. ते कायटोसानला घट्ट चिकटतं आणि सहज निघत नाही. शरीराच्या आत जाणाऱ्या वस्तूत ते राहिलं तर ताप आणि सूज. त्यामुळे शेताला फवारायचं कायटोसान वेगळं आणि जखमेत ठेवायचं वेगळं. बाटलीवरचं नाव एकच असतं, मधे कित्येक चाचण्यांचं अंतर असतं.

यावर दुसरा मार्गही आहे: बुरशी. शीतपेयांत, जॅममध्ये वापरलं जाणारं सायट्रिक आम्ल अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीकडून बनवून घेतात. काम झाल्यावर उरलेल्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. बेल्जियममध्ये त्यापासून कायटोसान बनतं. टाकीत वाढणाऱ्या बुरशीला ऋतू नसतो, त्यामुळे माल अधिक एकसारखा. प्राणिजन्य नसल्याने शाकाहारी मंडळींनाही चालणारा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही बुरशीतल्या कायटिनवर वर्षानुवर्षं संशोधन झालंय.

यात तुमचं काय?

बरंच काही. भारतात कोळंबीच्या सालांपासून कायटिन-कायटोसान काढण्याचं तंत्र विकसित करण्यात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तुम्ही केमिस्ट्रीला असा, बायोटेकला, फार्मसीला, टेक्स्टाइलला किंवा फिशरीजला, या एका सालीत प्रत्येकासाठी एकेक प्रश्न शिल्लक आहे. कमी पाण्यात कायटिन कसं काढायचं? प्रत्येक घाणा सारखा कसा आणायचा? पट्टी एवढी स्वस्त कशी करायची की ती प्रत्येक एसटीच्या प्रथमोपचार पेटीत ठेवता येईल? कॉमर्सवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. पहाटे सोललेली साल सडायच्या आत गोळा कोण करणार आणि तिचे पैसे कुणाला मिळणार, हा प्रश्न तुमचा.

कारण या सगळ्याची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. १८७५ पासून चालू असलेल्या मुंबईच्या ससून डॉकवर एकदा भल्या पहाटे जाऊन बघा. बोटी लागलेल्या असतात, टोपल्या उतरत असतात आणि कोळंबीच्या ढिगाभोवती बायका ओळीने बसलेल्या असतात. डोक्यावरचा काटा बोटात जाऊ न देता एकेक कोळंबी सोलण्याचा त्यांचा वेग थक्क करतो. त्यांना मोबदला मिळतो तो सोललेल्या कोळंबीचा. बाजूला पडलेल्या सालांपैकी काही खतात जातात, काही कोंबड्यांच्या-माशांच्या खाद्यात, बाकीची तशीच कुजतात. साल ताजी उचलली जाते की कुजलेली, हे त्या ओट्यावरच ठरतं. पुढच्या सगळ्या शुद्धतेचा पाया तिथेच पडतो. उद्या कुणी या सालांचा उद्योग उभा केलाच, तर पहिला वाटा त्या ओट्यावर पोचायला हवा.

तोवर, येत्या रविवारी पिशवीला गाठ मारण्याआधी चार सालं बाजूला काढा. व्हिनेगरचा ग्लास भरा आणि बुडबुडे बघा. शेंगा तुम्ही खाल्ल्या असोत वा नसोत, ही टरफलं उचलायला काहीच हरकत नाही.